कापलेली सही

गुंडू कुरणे राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासचा जिना चढला तो रागानं. वय एकोणसाठ, उजव्या हाताच्या नखांत कधीच न निघणारा निळा ऑइलपेंट, आणि खिशात घडी घातलेला कागद. कागदावर त्यानं स्वतःच्या वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला होता : वेबसाइट. हा शब्द कुणीतरी त्याच्या तोंडावर फेकला होता, म्हणून तो त्यानं लिहून आणला होता.

झालं असं होतं. कसबा बावड्याकडच्या एका शाळेला भिंतींवर सुविचार लिहून हवे होते. गुंडू चाळीस वर्षं पाट्या आणि भिंती रंगवत आलेला. ब्रश आणि डबे सायकलला लावूनच तो भेटायला गेला. संस्थेचा एक तरुण विश्वस्त मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, तुमच्या वेबसाइटची लिंक पाठवा, काम बघून कळवतो. गुंडूनं सांगितलं, फाटकाबाहेर नुसतं बघा, मेडिकल, पिठाची गिरणी आणि सायकलचं दुकान, तिन्ही पाट्या माझ्या हातच्या आहेत. विश्वस्त खिडकीपर्यंतही उठला नाही. दहा दिवसांनी त्या भिंतींवर छापील स्टिकर चिकटले, आणि त्यांत 'विद्या' हा शब्दच चुकला होता. शाळेच्या भिंतीवर, फूटभर उंचीच्या अक्षरात. ते वाचून गुंडू सायकलवरून उतरला, आत जाऊन शिपायाला बोलला, मुख्याध्यापकांना बोलला, आणि कुणी काही करणार नाही हे कळल्यावर तसाच तिरीमिरीत राजारामपुरीत आला.

क्लास एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. अंतरा नावाची पंचविशीतली मुलगी तो चालवायची. काय शिकायचंय, असं तिनं विचारलं तेव्हा गुंडूनं कागद तिच्यापुढं ठेवला.

"माझी पायजे. माझ्या नावाची. किती दिवस लागतील?"

अंतरानं कागदावरचं अक्षर जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "काका, आधी माउस धरायला शिकू."

पहिले पंधरा दिवस गुंडूनं क्लासमध्ये सगळ्यांशी भांडण काढलं, मशिनशी सुद्धा. बारीक ब्रशनं मोहरीएवढा अनुस्वार न थरथरता ठेवणाऱ्या त्याच्या हाताला पडद्यावरचा बाण काही ऐकेना. पासवर्डमध्ये इंग्रजी मोठं अक्षर पाहिजे, आकडा पाहिजे, चिन्ह पाहिजे, हे ऐकून तो म्हणाला, घराला कुलूप लावताना मला कुणी असलं विचारत न्हाय. तुम्ही माणूस आहात का यंत्र, असं एका पानानं विचारलं तेव्हा तर त्याचा पारा चढला. सिग्नलचे चौकोन निवडायचे होते आणि तो दर वेळी खांबाचेही चौकोन निवडायचा. मशिन म्हणायचं, चूक. "खांबाशिवाय सिग्नल हुबा ऱ्हातोय व्हय?" त्यानं अंतराला विचारलं. तिनं ते चौकोन स्वतःच निवडून दिले.

सगळ्यात वाईट गेला तो स्वतःचं नाव टाइप करण्याचा दिवस. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटायचं. कधी 'गुंदू' यायचं, कधी 'गुन्डु'. जे नाव तो तीन फटक्यांत लिहायचा, त्याला अर्धा तास लागला आणि शेजारची कॉलेजची पोरं खाली मान घालून हसली. गुंडू उठून बाहेर गेला, जिन्यात उभा राहिला आणि परत येऊन बसला. आठ-दहा खेपांनंतर नाव बरोबर आलं.

पण तो शिकला. ॲड्रेस कुठं लिहायचा, शोधायचं कसं, फोटो वर चढवायचा कसा, टॅब चुकून बंद झाला तर काय करायचं. लिंक ही गोष्ट त्याला सगळ्यांच्या आधी कळली. दवाखाना या बाजूला, असे बाण त्यानं आयुष्यभर रंगवले होते. इथं बाणावर बोट ठेवलं की माणूस थेट दवाखान्यातच पोचतो, एवढाच फरक.

दुसऱ्या महिन्यात अंतरानं प्रत्येकाला स्वतःचं एक पान बनवायला सांगितलं. तयार साचे देणारी एक साइट होती. मथळा टाका, फोटो टाका, अक्षराचं वळण निवडा. गुंडूनं मथळ्यात लिहिलं, 'गुंडू कुरणे, पेंटर, कोल्हापूर', आणि अक्षरांची यादी उघडली. प्रत्येक वळणात त्याचं नाव लिहून दिसत होतं. बारीक, जाड, तिरकं. सगळी त्याला सपक वाटली. मग यादीत खाली 'रांगडा' नावाचं एक वळण आलं. त्यातलं आपलं नाव त्याला स्वतःच्याच हातचं वाटलं आणि तो तिथंच थांबला.

त्यानं अंतराला बोलावलं आणि मथळ्याच्या शेवटी 'गूळ' एवढा एकच शब्द टाइप करायला लावला. तिनं केला. पडद्यावर ळ उमटला. डावा गोल बारका, उजवा मोठा, आणि उजवा जरा खाली ओघळलेला.

"ह्यो माझा ळ हाय," गुंडू म्हणाला.

अंतराला वाटलं, त्याला तसा ळ आवडतो. मग गुंडूनं बाही वर करून मनगट दाखवलं. एकोणिसाव्या वर्षी सिनेमाचा मोठा बोर्ड रंगवताना तो बांबूच्या परांचीवरून पडला होता. हाड वाकडं जुळलं. त्या दिवसापासून मनगट डावीकडं पुरतं वळत नाही, त्यामुळं ळचा डावा गोल लहान राहतो आणि तोल सावरायला उजवा खाली ओढावा लागतो. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यांच्या पाट्यांवर तो ळ वर्षानुवर्षं आहे. दुसऱ्या कुणाचं मनगट नेमकं तसं मोडलं असेल तरच त्याला तो काढता येईल.

अंतरानं 'रांगडा' कुणी केला ते शोधलं. पुण्यातल्या एका डिझायनरचं सुबक पान उघडलं. वर मोठ्या अक्षरात ओळ होती : 'कोल्हापूरच्या रस्त्यांवरच्या अनामिक हातांना सलाम.' खाली डिझायनरचा फोटो आणि नाव होतं, श्रेयस. हा फॉन्ट वापरायचा तर विकत घ्यावा लागायचा, आणि बऱ्याच मोठ्या नावांनी तो घेतला होता.

गुंडूनं फोटोतला चेहरा लगेच ओळखला. चार वर्षांपूर्वी हा पोरगा कॅमेरा घेऊन आला होता, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे म्हणून. चार दिवस गुंडूच्या मागं मागं फिरला, पाट्यांचे फोटो काढले, दोन्ही वेळ गुंडूच्याच घरी जेवला. गुंडूच्या बायकोनं, बनाबाईनं, त्याला तिखट सोसत नाही म्हणून वेगळं भरीत केलं होतं. शेवटच्या दिवशी त्यानं सगळी मुळाक्षरं, बाराखडी आणि जोडाक्षरं मोठ्या कागदांवर काढून मागितली. गुंडूनं दिवसभर बसून काढून दिली. कुणीतरी शिकायला आलंय, याचाच त्याला आनंद झाला होता.

अंतरा पान खाली सरकवत होती. तिथं श्रेयसनं काढलेले पाट्यांचे फोटो होते. ते पाहताना गुंडू पडद्याच्या जवळ सरकला. तो प्रत्येक पाटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात सही करायचा. 'गुंडू' आणि खाली एक छोटी रेघ. पस्तीस वर्षांत स्वतःची एकही पाटी त्यानं सहीशिवाय सोडली नव्हती. या फोटोंत सगळ्या पाट्या होत्या आणि सही एकीवरही नव्हती. प्रत्येक फोटो कोपऱ्याच्या जरा वर कापलेला होता.

"अनामिक म्हंजे काय ओ मॅडम?" त्यानं विचारलं. त्याला अर्थ माहीत होता. तिच्या तोंडून ऐकायचा होता.

"नाव माहीत नसलेला," अंतरा म्हणाली.

श्रेयसचा नंबर बनाबाईच्या फोनमध्ये अजून होता, कारण पहिल्या वर्षी तो तिला सणाला शुभेच्छा पाठवायचा. गुंडूनं घरी जाऊन फोन लावला. पलीकडून अगदी मोकळा, आनंदी आवाज आला. काका, कसे आहात, काकू कशा आहेत. गुंडूनं रांगडा म्हटल्यावर आवाज जरा सावध झाला. मग श्रेयस समजावू लागला की फॉन्ट ही फार किचकट गोष्ट असते, एकेक अक्षर घडवण्यात त्यानं दोन वर्षं घालवली आहेत, गुंडूचं काम ही त्याची प्रेरणा होती, नक्कल नव्हे.

"माझं नाव तुला ठावं न्हवतं?" गुंडूनं विचारलं.

"तसं नाही काका. पण हे एका माणसाचं नसतं. ती एक परंपरा असते."

"चार दिवस तुला जेवाय घातलं ती परंपरा न्हवती. ती माझी बायको हुती." आणि त्यानं फोन ठेवला.

त्या रात्री गुंडू जेवला नाही. पुण्याला जाऊन त्याची कॉलर धरायची, असं तो दोन दिवस म्हणत होता. बनाबाईनं त्याला जाऊ दिलं नाही, पण तिचाही राग काही कमी नव्हता. तिनं आपल्या फोनमधून श्रेयसचा नंबर काढून टाकला, मग लागेल म्हणून पुन्हा घातला, आणि नावाच्या जागी 'चोर' असं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी गुंडू क्लासमध्ये आला तेव्हा त्याचं ठरलं होतं. पान करायचं. त्यात आपली स्तुती नको, फुलं नकोत. प्रत्येक पाटीचा श्रेयसनं कापलेला फोटो डावीकडं, आणि तीच पाटी पुरी, सहीसकट, उजवीकडं. खाली गल्लीचं नाव आणि रंगवल्याचं साल. बघणाऱ्याला बाकी काही सांगायची गरज नाही.

मग तो फोटो काढत फिरला. निम्म्या पाट्या उरल्या नव्हत्या. कुठं दुकान बदललं होतं, कुठं वर चकचकीत ॲक्रिलिक बसलं होतं. वारणानगरच्या कामगार वसाहतीतल्या वाचनालयाची पाटी मात्र जशीच्या तशी होती, आणि तिथल्या ग्रंथपालानं शिडी धरून दिली. शाहूपुरीत एका अडत्याच्या गोदामावरची पाटी तर फ्लेक्सखाली गेली होती. कुठल्याशा पुढाऱ्याचा वाढदिवस दोन महिन्यांमागं होऊन गेला होता, तरी फ्लेक्स तिथंच. गुंडूनं खिशातलं ब्लेड काढून दोऱ्या कापल्या. फ्लेक्स खाली लोंबला आणि मागून अक्षरं दिसली, धूळ न बसलेली, परवा रंगवल्यासारखी ताजी. कोपऱ्यात सही.

तो फोटो काढत असतानाच पुढाऱ्याच्या मंडळाचे दोघे धावत आले. साहेबांचा बोर्ड फाडतोस काय, म्हणून एकानं त्याच्या सदऱ्याला हात घातला. गुंडूनं तो हात झटकला. त्या चौकात त्याचा आवाज कुणी एवढा चढलेला ऐकला नव्हता. ही भिंत माझ्या हातची आहे, तुमचा साहेब तिच्यावर न विचारता चढलाय, मी नाही, असं तो म्हणाला आणि आणखी बरंच काही म्हणाला. गोदामाचा मालक बाहेर आला. त्यानं दोघांना सांगितलं की परवानगी आपणही दिली नव्हती, वाद वाढवायचा तर पोलिसांना बोलावू. तेव्हा ते फ्लेक्स गुंडाळून घेऊन गेले. पहिले तीन फोटो हलले, चौथा नीट आला.

पान तयार व्हायला तीन आठवडे लागले. अंतरा मदत करायला पुढं झाली की तो तिचा हात बाजूला सारायचा. चुकलं तर पुसायचं, पुन्हा करायचं. मथळ्याला अक्षर कुठलं, हा प्रश्न राहिला होता. रांगडा तो वापरणार नव्हता, स्वतःचंच अक्षर विकत घ्यायला तो वेडा नव्हता. शेवटी त्यानं पत्र्यावर पांढरा रंग मारून त्यावर निळ्यात आपलं पूर्ण नाव रंगवलं, खाली सही केली, आणि त्याचा फोटो मथळा म्हणून लावला. पहिलं वाक्य त्यानं स्वतः टाइप केलं : 'मी अनामिक नाही.'

क्लासमधल्या पोरांनी ती लिंक पाठवली, पोरांच्या मित्रांनी पुढं पाठवली. डिझाइन शिकणाऱ्या कुणीतरी ती श्रेयसच्या पानाखाली चिकटवली. पाच दिवसांनी श्रेयसचा फोन आला. या वेळी आवाज आनंदी नव्हता. लोक मला काय काय लिहितायत, म्हणाला. तुम्ही ते पान काढा, मग आपण बसून बोलू.

"पान न्हाय निघायचं. तू आधी नाव लाव."

"काका, अक्षरं कुणाच्या मालकीची नसतात. तुम्ही तरी ती कुणाकडून उचललीत? तुमच्या पानावर त्याचं नाव कुठंय?"

गुंडूनं त्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि फोन बंद केला. शिवी बरोबर जागी बसली होती, पण प्रश्नही बसला होता. दोन दिवस तो त्याच्या डोक्यातून जाईना. पोरगं हलकट होतं, वकिली करत होतं, आणि तरी ते खरं बोललं होतं. अक्षराच्या डोक्यावरची ती जाड, शेवटाला किंचित उचललेली रेघ, जिच्यामुळं गुंडूची पाटी लांबून ओळखू यायची, ती गुंडूची नव्हतीच. ती वसंत पेंटरची होती. नऊ वर्षं गुंडू त्यांच्या हाताखाली सिनेमाचे बोर्ड रंगवत होता. थिएटरचा मालक कुणाला सही करू द्यायचा नाही. गुंडू बाहेर पडला, स्वतःच्या पाट्यांवर सही करू लागला, आणि ती रेघ सहीच्या पोटात गेली. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आता तो स्वतःवरच चिडला, आणि हा राग कुणावर काढायचा हे त्याला कळेना.

वसंत पेंटर जाऊन अठरा वर्षं झाली होती. त्यांची बायको, माई, कसबा बावड्यात लेकीकडं राहायची. गुंडू तिथं गेला. माईनं त्याला दारातच ओळखलं आणि आत ये म्हणाली नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं बोलला, फॉन्टचं, कापलेल्या सहीचं, पानाचं. माईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझं नाव गेलं तेव्हा तुला ह्यांचं आठवलं," ती म्हणाली.

माई दारातून हलली नाही.

"शेवटच्या वर्षी रिक्षातनं दवाखान्यात न्यायचे मी त्यांना. वाटेत तुझ्या पाट्या दिसायच्या. म्हणायचे, ती वरची रेघ माझी आहे. तुला वाटेल कौतुकानं म्हणायचे. कौतुकानं नव्हे. रागानं म्हणायचे."

तिनं भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढून आणला, त्याला फोटोचा फोटो घेऊ दिला, आणि दार लावलं.

पुढच्या महिन्यात श्रेयसच्या पानावरची 'अनामिक' ही ओळ गेली. तिच्या जागी, अगदी तळाला, बारीक अक्षरात, 'गुंडू कुरणे, कोल्हापूर यांच्या पाट्यांवर आधारित' असं आलं. अंतरा खूश झाली, पोरांनी पेढे आणले. गुंडूनं एक पेढा खाल्ला, पण त्याचं समाधान झालं नाही. कापलेले फोटो तिथं अजून तसेच होते. तो म्हणाला, ते बदलंस्तोर डावी-उजवीकडचे फोटो काय मी काढणार न्हाय. ते आजही त्याच्या पानावर आहेत.

आणि त्याच्या नावाच्या वर आता दुसरं नाव होतं. ते लावल्यावर तो फोन घेऊन पुन्हा बावड्याला गेला. या वेळी माईनं त्याला पायरीवर बसू दिलं. चष्मा लावून तिनं पान वाचलं. वर नवऱ्याचा फोटो, खाली मजकूर : 'अक्षरावरची रेघ माझे गुरू वसंत पेंटर यांची. ती मी त्यांना न विचारता घेतली आणि पस्तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.' तिनं ते दोनदा वाचलं. मग फोन त्याच्यापुढं धरला.

"वसंत पेंटर कोण? त्यांना बापाचं नाव नव्हतं? आडनाव नव्हतं?"

गुंडूला आडनाव माहीत होतं. सगळं गाव त्यांना वसंत पेंटर म्हणायचं, तेच त्यानं लिहिलं होतं.

"वसंत गणेश पोतदार," माई म्हणाली. "लिही. माझ्यासमोर लिही."

गुंडूनं पायरीवर बसूनच पान उघडलं, पासवर्ड घातला आणि एका बोटानं अक्षरं दाबायला सुरुवात केली. 'पोतदार'चं दोनदा 'पोतडार' झालं. त्यानं ते पुसलं. माई शेजारी उभी राहून एकेक अक्षर तपासत होती आणि चुकलं की टोकत होती. नाव पुरं झाल्यावर तिनं फोन मागून घेतला, पडदा स्वतः वर-खाली सरकवून पाहिला, आणि परत दिला. चहाचं तिनं विचारलं नाही, आणि गुंडूलाही तो तिथं मागावासा वाटला नाही.